ट्रॅक्टर आणि घरचा शब्द

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चामराजपेटमधील मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवात ट्रॅक्टरविषयी बोलणे काहींना अनपेक्षित वाटेल. या शाळेभोवती शेत नाही, बांध नाही. परंतु वार्षिक परीक्षा संपली की याच पेठेतील कितीतरी मराठी घरांत पिशव्या भरल्या जातात. कलासिपाळ्यच्या बाजूने रात्रीच्या गाड्या बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडे निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातले मूल आजोळच्या अंगणात उभे असते. त्या अंगणात पूर्वी बैलजोडी बांधलेली असे. आता बहुधा तेथे ट्रॅक्टर उभा असतो. शाळेचे फाटक सुटीत बंद असले, तरी मुलाच्या जिवाची काळजी सुटीवर जात नाही. म्हणून हा विषय.

सुटीतले एक नेहमीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. मामा ट्रॅक्टर सुरू करतो. भाचा धावत येऊन मडगार्डवर चढतो. गावातला मामेभाऊ तेरा-चौदा वर्षांचा. तो मामाला बाजूला सरकवून स्वतः स्टिअरिंग धरतो आणि सफाईने ट्रॅक्टर वळवून दाखवतो. आजोबा ओट्यावरून पाहतात आणि आल्यागेल्याला सांगतात, “पोरगं आतापासूनच सगळं करतं.” कोणीतरी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढते. या दृश्यात कोणाचेही मन वाईट नाही. त्यात निव्वळ कौतुक आहे. अडचण इतकीच की, हे कौतुक यंत्राला कळत नाही.

शेतकऱ्याच्या घरात मुलाला काम शिकवण्याची एक क्रमवारी होती. आधी गुरे राखायची, मग वैरणपाणी बघायचे, मग बैलांपुढे चालायचे, मग केव्हातरी कासरा हाती यायचा. नांगराचे रुमणे सर्वांत शेवटी, अंगात बळ आणि डोक्यात समज आल्यावर. कुळवाला वजन व्हावे म्हणून दिंडावर लहान मुलाला बसवण्याचीही रीत होती. ते मूल घसरून पडले तर अंगाला माती लागे, गुडघा फुटे; बापाने कासरा ओढून हाळी दिली की बैल थांबत. बैल हा जिवंत सोबती होता. त्याला भीती कळत होती, थकवा कळत होता, धन्याचा आवाज कळत होता. मडगार्डवर मुलाला बसवण्याची आजची सवय कदाचित त्या दिंडावरूनच आली असावी. रीत जुनीच राहिली. तिच्याखालचा बैल तेवढा बदलला. सुमारे दोन टन वजनाच्या ट्रॅक्टरचे मागचे चाक मडगार्डपासून वितीवर फिरत असते, आणि ते हाळी देऊन थांबत नाही.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. ती भीती अनाठायी होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. परंतु त्या पिढीला नव्या अवजाराविषयी जितका संशय होता, तितकाच आजच्या पिढीला नव्या यंत्राविषयी निर्धास्तपणा आहे. नांगर निरुपद्रवी होता आणि लोक भ्याले. ट्रॅक्टर सामर्थ्यवान आहे आणि त्याच्यासमोर कोणी दचकत नाही. मुलांना या यंत्राची भीती शिकवायची गरज नाही. त्याची ओळख मात्र शिकवायला हवी.

ही ओळख शाळेतल्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या वहीतूनच सुरू होऊ शकते.

मागच्या चाकांनी ओढणाऱ्या सर्वसाधारण ट्रॅक्टरचे सुमारे दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असते आणि एक तृतीयांश पुढच्या. इंजिन मागचा आस फिरवते, आस चाके फिरवतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. आता हीच चाके चिखलात रुतून जागच्या जागी अडकली आणि चालकाने ताकद वाढवून क्लच झटक्याने सोडला, तर काय होईल? चाके फिरू शकत नाहीत; म्हणून आसाभोवती ट्रॅक्टरच फिरू लागतो. पुढची चाके जमीन सोडतात आणि यंत्र चालकाच्या अंगावर मागे उलटते. संपूर्ण उलटायला सुमारे दीड सेकंद पुरतो, आणि ज्या क्षणानंतर ते सावरता येत नाही तो क्षण पहिल्या सेकंदाच्या आतच येऊन जातो. धोका उमजून पाय क्लचवर जाण्यासाठी सरावलेल्या माणसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. ज्या मुलाला क्लच दाबण्यासाठी आसनावरून पुढे घसरावे लागते, त्याच्यापाशी तो वेळ नसतोच.

म्हणून अनुभवी चालक रुतलेला ट्रॅक्टर पुढे रेटत नाही. तो चाकांमागची माती उकरतो, ट्रॉली सोडवतो, जमल्यास मागे घेऊन बाहेर काढतो. नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलावतो. ओढायची वस्तू, मग ते लाकूड असो वा अडकलेली गाडी, तो खालच्या ड्रॉबारलाच जोडतो. साखळी आसापेक्षा उंच बांधली की तीच साखळी ट्रॅक्टरला मागे उलटवते. ‘थोडी वर बांध, जोर चांगला लागेल’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि जिवावर बेततो.

कुशीवर उलटणे तर याहून नेहमीचे. बांधाच्या अगदी कडेने चालणे, उतारावर वेगाने वळणे, ट्रॉली मागे असताना एकदम वळवणे ही त्याची कारणे. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकाला स्वतंत्र ब्रेक असतो. शेतात जागेवर वळताना तो उपयोगी पडतो. परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडावी लागतात. ती न जोडता वेगात एकच ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची खोडही अशीच. भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते, अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि इंजिनाचा अटकाव चालकाने स्वतःच काढून घेतलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला गणिताने पटवता येते.

दुसरे गणित फिरत्या शाफ्टचे. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणी यंत्र यांना ट्रॅक्टरच्या मागून ताकद देणारा शाफ्ट साधारणतः मिनिटाला ५४० फेरे घेतो; म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची जाडी तीन इंच धरली, तर त्याचा घेर होतो जवळजवळ साडेनऊ इंच. नऊ फेऱ्यांत तो सात फूट कापड गुंडाळून घेतो. पदर, ओढणी, उपरणे, सैल शर्टाची बाही, मोकळी वेणी यांपैकी काहीही त्यात सापडले, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत माणूस शाफ्टपाशी ओढला गेलेला असतो. ही भीती काल्पनिक नाही. मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या देशात इतकी वाढली होती, की १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. शाफ्टवरचे संरक्षक आवरण कारखान्यातून येते. दुरुस्तीच्या वेळी ते काढले जाते आणि पुष्कळदा पुन्हा बसवले जात नाही. घरातल्या शाळकरी मुलीने अंगणात उभ्या असलेल्या यंत्राकडे पाहून “मामा, याचं झाकण कुठे आहे?” एवढे विचारले, तरी या शिक्षणाचे सार्थक झाले.

तिसरी गोष्ट माणसे वाहण्याची. ट्रॅक्टरवर आसन एकच असते. कारण त्यावर एकानेच बसावे असे यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेले असते. ट्रॉली मालासाठी असते. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतकामासाठी निघालेल्या स्त्रियांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज या गावच्या सात जणी त्यात दगावल्या. त्या बाया रोजच्यासारख्या कामाला निघाल्या होत्या, ट्रॉलीतून जाणे त्यांच्या अंगवळणी पडले होते, आणि नेमकी हीच गोष्ट सुटीत गावी गेलेल्या मुलांना मौजेची वाटते. कठडा नसलेल्या विहिरी, पावसाने भुसभुशीत झालेली कड आणि वाढलेले गवत ही मराठी मुलखातल्या शिवारांची ओळखीची ठिकाणे आहेत. सावध शेतकरी विहिरीपासून चांगले अंतर राखून औत वळवतो आणि कडेला ठळक खूण ठेवतो. मुलांना त्या पट्ट्यात पाऊलही टाकू देऊ नये.

कायदा याविषयी काय म्हणतो, हेही पालकांना ठाऊक असावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालवता येत नाही आणि त्यासाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक कडक तरतूद आली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा घडला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने मुलांना शाळेनंतर आणि सुटीत कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली. परंतु धोकादायक कामे त्या मुभेत येत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शेतीतील सुरक्षेविषयी २००१ साली केलेल्या करारातही जोखमीच्या कामासाठी १८ हेच किमान वय सांगितले आहे.

तरीही कायद्याचा हात कोठवर पोहोचतो? डांबरी रस्त्यापर्यंत. पांदीतून ट्रॅक्टर आत वळला, आपल्या शेताच्या बांधाआड गेला, की तेथे शिपाई नसतो, तपासणी नसते. ही अडचण केवळ येथली नाही. अमेरिकेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पगारी कामावर मोठा ट्रॅक्टर चालवायचा असेल, तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. मात्र शेत आईवडिलांचेच असेल, तर ही अट लागू होत नाही. आईबापांहून मुलाची काळजी कोण जास्त घेणार, असा त्यामागचा विश्वास आहे. तो विश्वास सार्थ ठरवणे हे आईबापांच्याच हाती राहते. बांधाच्या आत कायदा नसतो. तेथे असतो तो घरचा शब्द. आजोबांचा, वडिलांचा, मामाचा, आणि त्याहून अधिक वेळा आईचा. तो शब्द कौतुकाच्या भरात ढिला पडू नये, एवढीच या व्याख्यानाची मागणी आहे.

घरचा शब्द म्हणजे नुसती मनाई नव्हे. नुसत्या मनाईने मुले लपून करतात, आणि लपून केलेले काम अधिक घातक असते. बैलांच्या काळात जी क्रमवारी होती, तशीच यंत्राच्या काळातही घालून देता येते.

दहा-बारा वर्षांच्या मुलाने ट्रॅक्टरजवळ कोठे उभे राहायचे हे शिकावे. चालकाला आपला चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही आपण दिसत नाही, एवढे त्याला कळावे. ट्रॅक्टर मागे घेताना आणि अवजार जोडताना मधल्या जागेत कोणीही नसावे. उचलून धरलेल्या अवजाराखाली हात वा पाय घालू नये. हायड्रोलिकने धरलेले वजन केव्हाही खाली येऊ शकते. अवजार जमिनीवर टेकवलेले, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात, हा उभ्या ट्रॅक्टरचा नियम असावा.

पुढच्या वयात मुलाने यंत्राची निगा शिकावी. तेल-पाणी पाहणे, चाकांतली हवा, नटबोल्ट, ट्रॉलीची पिन, मागचे लाल परावर्तक ही सारी कामे इंजिन बंद असताना करायची असतात आणि त्यांतूनच यंत्राची खरी ओळख होते. ज्याला पिन नीट बसली की नाही हे ओळखता येते, तो पुढे चांगला चालक होतो.

आणि प्रत्येक मुलाला, शहरातून चार दिवस आलेल्या पाहुण्यालाही, एक गोष्ट अवश्य शिकवावी: ट्रॅक्टर बंद कसा करायचा. अनेक ट्रॅक्टरांचे डिझेल इंजिन नुसती किल्ली फिरवून बंद होत नाही. इंधन तोडणारा दांडा बाहेर ओढावा लागतो. कोणी शाफ्टमध्ये वा चाकाखाली सापडले, तर माणसाला ओढण्यापूर्वी इंजिन बंद झाले पाहिजे. अशा वेळी जवळ उभे असलेले मूल रडत बसते, कारण तो दांडा कोणता हे त्याला कोणी दाखवलेले नसते. दांडा ओढावा, मग मोठ्यांना हाक मारावी, मग १०८ किंवा ११२ वर फोन करावा, हा क्रम पाठांतराच्या कवितेसारखा तोंडी असावा.

अठरा वर्षे पूर्ण झाली, परवाना हाती आला, म्हणजे शिक्षण संपले असे नाही. आंध्र प्रदेशात अनंतपूर जिल्ह्यातील गार्लदिन्ने येथे आणि मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारच्या शेतीयंत्र प्रशिक्षण संस्था आहेत. गावाकडच्या तरुणाने तेथे शिकून यावे, हा चांगला सल्ला ठरेल. ट्रॅक्टर विकत घेताना रंग आणि अश्वशक्ती पाहिली जाते. त्याबरोबर आसनामागे मजबूत संरक्षक चौकट आहे का आणि आसनाला पट्टा आहे का, हेही विचारावे. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे फार मोठ्या प्रमाणात घटले. ट्रॅक्टर उलटला तरी चौकटीच्या आत माणसापुरती जागा राहते. मात्र त्या जागेत त्याला धरून ठेवायला पट्टा लागतो.

उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत रात्रंदिवस ट्रॅक्टर धावतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्याने लावलेली गाणी आणि चालक विशीतला. त्याला खेपांवर पैसे मिळत असतील, तर झोप आधी बळी जाते. मोठ्या आवाजात मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला उभी राहिली, की मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसत नाही. म्हणजे हा प्रश्न केवळ त्या चालकाच्या जिवाचा नाही. त्या दुचाकीवर या शाळेचा एखादा माजी विद्यार्थीही असू शकतो. ज्यांची शेती आहे आणि ज्यांच्याकडे असे तरुण कामाला आहेत, त्या घरांनी खेपांच्या आधी विश्रांतीचा विचार करावा. दुसऱ्याचा मुलगाही कोणाच्यातरी ओट्यावरच्या आजोबांचा नातू असतो.

काही पालक म्हणतील, गावी मनुष्यबळ नाही, पेरणीचा वाफसा चार दिवसांचा, अशा वेळी घरच्या मुलाने हात लावला नाही तर काम कसे उरकायचे? हा प्रश्न खोटा नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु त्यावर तोडगा आहे. मुलाने बियाणे मोजून द्यावे, हिशेब ठेवावा, मोटर चालू-बंद झाल्याची नोंद घ्यावी, बांधावर जेवण पोहोचवावे. आणि ट्रॅक्टर भाड्याने, सावडीने किंवा शेजाऱ्याच्या जाणत्या हातांनी चालावा. एका दिवसाचे भाडे परवडते. पेरणी चार दिवस लांबली तर एक हंगाम थोडा उणा येतो. घरातले मूल गेले तर सगळे हंगाम उणे होतात.

या शाळेने मुलांना लिहायला-वाचायला शिकवले, तशी धीर धरण्याचीही सवय लावली. पहिलीच्या मुलाला शाईचे पेन देत नाहीत. आधी पाटी, मग पेन्सिल. त्याला पेन देण्याइतके प्रेम शिक्षकांपाशी असतेच, पण त्याचा हात अजून वळायचा असतो. ट्रॅक्टरचे स्टिअरिंगही तसेच योग्य वेळी हाती यावे.

पुढच्या सुटीत चामराजपेटची मुले पुन्हा आजोळी जातील. पुन्हा मामा ट्रॅक्टर सुरू करील आणि भाचा मडगार्डकडे धावेल. त्या वेळी ओट्यावरून आजोबांनी हाक मारावी, “आधी खाली उतर, इथं माझ्याजवळ बस, ट्रॅक्टर कसा बंद करायचा ते संध्याकाळी दाखवतो.” मूल थोडे हिरमुसेल आणि संध्याकाळची वाट पाहील. सुटी संपल्यावर ते या शाळेच्या फाटकातून हातीपायी धड आत येवो, हीच हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने सर्व घरांना सदिच्छा.